एक लेखन, अनेक साधने

शिक्षकाच्या हातून वर्षभरात किती लेखन होते, याची मोजदाद आपण सहसा करीत नाही. पाठांची टाचणे, शाळेच्या हस्तलिखिताचा मजकूर, कृतिसंशोधनाचा अहवाल, शाळेचा इतिहास, गावची माहिती, मुलांनी वडीलधाऱ्यांकडून मिळविलेल्या म्हणी व ओव्या, असे कितीतरी लेखन आपण करीत असतो. त्यातील बरेचसे एका बैठकीत पुरे होत नाही. थोडे मधल्या सुट्टीत शाळेच्या लॅपटॉपवर, थोडे एस. टी.ची वाट पाहताना मोबाईलवर आणि उरलेले रात्री घरच्या संगणकावर असे ते चालते. पूर्वी वही एकच असे. ती पिशवीत घातली की लेखनही आपल्याबरोबर निघे. आज साधने तीन झाली आहेत. लेखन मात्र एकच राहावयास हवे.

ते एक राहावे म्हणून आपण नाना खटपटी करतो. कोणी पेनड्राइव्ह खिशात बाळगतो, तर कोणी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच फाइल धाडतो. महिन्याभराने पाहावे तो 'अहवाल', 'अहवाल नवीन', 'अहवाल अंतिम' आणि 'अहवाल अंतिम २' अशा चार फाइली समोर उभ्या असतात, आणि त्यांतील खरी कोणती हे लिहिणाऱ्यासही सांगता येत नाही. या अडचणीवर क्लाउड साठवणूक हा उत्तम उपाय आहे. परंतु त्याचे स्वरूप नीट समजून न घेता तो वापरल्यास लाभाऐवजी हानी होते. ती हानी कशी होते, हे मी जवळून पाहिले आहे. किंबहुना तीत माझाही वाटा आहे. म्हणून तो प्रसंग प्रथम सांगतो.

एक प्रसंग

माझ्या बीटातील एका द्विशिक्षकी शाळेच्या गुरुजींनी गावातील शेतांची नावे लिहून काढण्याचे काम हाती घेतले होते. सातबारावर शेताला गट क्रमांक असतो. परंतु गावाच्या तोंडी त्याला नाव असते. जांभळीची पट्टी, बारवेचा मळा, खालचे लवण अशी ती नावे असतात. प्रत्येक नावामागे एखादे झाड, एखादी विहीर, एखादा तंटा किंवा एखादा दुष्काळ दडलेला असतो. गावातील एका वृद्ध शेतकऱ्यास ही नावे शिवेपासून शिवेपर्यंत मुखोद्गत होती. "ज्याला नाव न्हाई ते रान कसलं, गुरुजी?" असे ते म्हणत. गुरुजी चौथीतील एका मुलास बरोबर घेऊन त्यांच्यासोबत रानात हिंडत आणि मोबाईलवर नावे टिपून घेत.

एके दिवशी नाल्यापलीकडच्या रानात रेंज नव्हती. गुरुजींनी नित्याची वर्डची फाइल मोबाईलवर उघडून तीत त्रेचाळीस नावे व त्यांची माहिती लिहिली. त्याच दिवशी शाळेत त्यांच्या सहकारी बाईंनी लॅपटॉपवर तीच फाइल उघडून तिच्यातील शुद्धलेखन तपासले. संध्याकाळी मोबाईलला रेंज मिळाली, तेव्हा यंत्रापुढे एकाच फाइलची दोन रूपे आली. त्याने दोन्ही राखली. मात्र मोबाईलवरून आलेल्या रूपास मूळ नावापुढे काही जादा शब्द जोडून लांबलचक नाव दिले.

दोन दिवसांनी मी शाळाभेटीस गेलो. बाईंनी त्या दोन फाइली मला दाखविल्या. मी त्या उघडून पाहिल्या नाहीत. "एकाच नावाच्या दोन फाइली म्हणजे घोटाळा. लांब नावाची काढून टाका," असे मी सांगितले. साहेबांनी सांगितले म्हणून ती काढली गेली. लॅपटॉपवरून काढली तशी ती मोबाईलवरूनही गेली. कारण एके ठिकाणी जे होईल ते सर्व ठिकाणी करावे, हेच त्या यंत्रणेचे काम. गुरुजी त्या सुमारास प्रशिक्षणास गेले होते. ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली तेव्हा कचरापेटीतील तीस दिवसांची मुदत उलटून गेली होती, आणि त्याच महिन्यात ते वृद्ध गृहस्थही निवर्तले होते.

या प्रसंगात यंत्राने काहीही चूक केली नाही. त्याला दोन रूपे मिळाली, त्याने दोन्ही जपली आणि आम्हांस निर्णय करावयास सांगितले. निर्णय आम्ही केला, आणि तोही न वाचता. यास्तव या विषयातील यांत्रिक भागापेक्षा त्यामागील शिस्तीकडे वाचकांनी अधिक लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे.

क्लाउड म्हणजे काय

क्लाउड या शब्दाचा अर्थ ढग. परंतु आपले लेखन आकाशात कोठे तरंगत नसते. दूरच्या एखाद्या शहरातील मोठ्या इमारतीत हजारो संगणक रात्रंदिवस चालू असतात. त्यांतील चकत्यांवर आपली फाइल ठेवलेली असते. पोस्टाच्या बचत खात्यात ठेवलेले पैसे आपल्या घरी नसतात, पण पासबुक दाखविले की ते मिळतात. त्याचप्रमाणे खाते व सांकेतिक शब्द यांच्या आधारे आपली फाइल आपणांस कोणत्याही साधनावर मिळते.

ही सोय जुनी नाही. २००७ साली अमेरिकेत ड्रू हाउस्टन व अराश फिरदौसी या दोन तरुणांनी ड्रॉपबॉक्स ही संस्था स्थापन केली आणि २००८ साली तिची सेवा सर्वांस खुली झाली. बोस्टनहून न्यूयॉर्कला बसने जात असता आपण पेनड्राइव्ह घरी विसरलो, हे हाउस्टन यांच्या ध्यानात आले आणि त्या खोळंब्यातून ही कल्पना सुचली, असे ते सांगतात. पेनड्राइव्ह विसरून तालुक्याच्या बैठकीस पोहोचलेल्या आपल्यापैकी अनेकांस त्यांची स्थिती सहज समजेल. गुगल ड्राइव्ह ही सेवा २०१२ साली सुरू झाली. मायक्रोसॉफ्टच्या सेवेस २०१४ पासून वनड्राइव्ह हे नाव आहे. विनामूल्य जागा गुगलच्या खात्यात १५ गिगाबाइट मिळते व ती ई-मेल, छायाचित्रे आणि फाइली या सर्वांस मिळून असते. वनड्राइव्हमध्ये ती ५ व ड्रॉपबॉक्समध्ये २ गिगाबाइट आहे.

ही जागा लेखनास पुरेल काय, अशी शंका पुष्कळांस येते. तिचे उत्तर गणिताने द्यावे हे बरे. युनिकोड पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्हास सामान्यतः ३ बाइट लागतात. एका पानावर १,५०० चिन्हे धरली तर पानास ४,५०० बाइट, म्हणजे सुमारे साडेचार किलोबाइट झाले. २०० पानांच्या पुस्तकाचा निव्वळ मजकूर एक मेगाबाइटच्या आतच बसतो. उलट मोबाईलवर काढलेले एक छायाचित्र ३ मेगाबाइटचे असले, तर तेवढ्या जागेत साडेसहाशे पाने मजकूर मावेल. जागा छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे खातात, लेखन नव्हे. रेंज कमी असली तरी मजकूर चटकन जातो. फाइलीत चिकटविलेल्या छायाचित्रांमुळे तो अडकतो. म्हणून मजकुराच्या फाइलीत छायाचित्रे घालू नयेत. ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि मजकुरात त्यांचा क्रमांक तेवढा लिहावा.

मेळ कसा घडतो

सर्व साधनांवरील प्रती एकसारख्या करणे, यास व्यवहारात सिंक होणे म्हणतात. आपण त्यास मेळ म्हणू. हा मेळ दोन प्रकारांनी घडतो, आणि त्यांतील भेद शिक्षकाने अवश्य समजून घ्यावा.

पहिल्या प्रकारात संपूर्ण फाइल हा घटक असतो. फाइल आपल्या संगणकावर एका विशिष्ट फोल्डरमध्ये असते. आपण तीत बदल करून ती जतन केली की नवी प्रत क्लाउडकडे जाते, आणि तेथून इतर साधनांवर उतरते. एका साधनावर लिहिले, मेळ होऊ दिला आणि मग दुसरे साधन उघडले, तर सर्व सुरळीत चालते. परंतु दोन साधनांवर मेळाविना स्वतंत्र बदल झाले की यंत्राजवळ दोन नव्या प्रती येतात. त्यांतील योग्य कोणती हे त्याला ठरविता येत नाही. अशा वेळी पुष्कळ सेवा दुसरी प्रत वेगळ्या नावाने ठेवतात. वरील प्रसंगात घडले ते हेच.

दुसऱ्या प्रकारात लेखन मुळातच क्लाउडवर घडते. गुगल डॉक्स हे याचे परिचित उदाहरण होय. येथे आपण टंकिलेला प्रत्येक बदल लगोलग तिकडे नोंदला जातो. त्यामुळे दोन-तीन शिक्षक एकाच वेळी एकाच मजकुरावर काम करू शकतात. रेंज नसतानाही यात लिहिण्याची सोय आहे. मात्र तो मजकूर ऑफलाइन उपलब्ध ठेवण्याची आज्ञा रेंज असतानाच देऊन ठेवावी लागते. रेंज आली की दोन्हीकडचे बदल एकत्र केले जातात. तथापि दोघांनी एकाच वाक्यात हात घातला असेल, तर ते वाक्य विसंगत होण्याचा संभव राहतो. यंत्र अक्षरे जुळविते. अर्थ जुळविण्याचे काम माणसाचेच आहे.

हा प्रश्न यंत्रयुगाने नव्याने निर्माण केला, असेही नाही. एका ग्रंथाच्या अनेक नकला झाल्या, प्रत्येक नकलेत कोणी काही बदलले आणि त्या पुन्हा परस्परांशी ताडून पाहिल्या नाहीत, म्हणजे पाठभेद उत्पन्न होतात. ज्ञानेश्वरीत शिरलेले असे पाठभेद दूर करून संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे आपण मुलांस शिकवितोच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली आरंभिले. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते विचारात घेऊन ते पुरे व्हावयास १९६६ साल उजाडले. नकला होणे सोपे. त्यांचा पुन्हा मेळ घालणे किती कष्टाचे, हे यावरून ध्यानात येईल. त्या विद्वानांनी एकेक पोथी वाचली. आमच्यापुढे दोनच प्रती होत्या, आणि त्याही आम्ही वाचल्या नाहीत.

पाच नियम

या सर्व विवेचनावरून जे नियम निघतात ते येणेप्रमाणे.

१. मूळ एकच असावे व त्याची जागा ठरलेली असावी. शाळेचे जनरल रजिस्टर एकच असते. त्यावरून दाखले कितीही दिले तरी जन्मतारखेची दुरुस्ती दाखल्यावर कोणी करीत नाही. ती रजिस्टरात होते. लेखनाचेही तसेच असावे. प्रत्येक लेखनकार्यास क्लाउडवर एक फोल्डर करावे व त्याबाहेर मूळ मजकूर ठेवू नये. व्हॉट्सॲपवर पाठविलेली फाइल हा दाखला समजावा. तीत कोणी सुधारणा सुचविल्यास ती मूळ फाइलीत आपल्या हाताने उतरवावी.

२. उघडण्यापूर्वी मेळ, मिटल्यानंतर मेळ. साधन सुरू केल्यावर लगेच लिहावयास बसू नये; आधीचे बदल उतरले आहेत ना, ते पाहावे. लिहून झाल्यावर फाइल जतन करून बंद करावी आणि मेळ पुरा झाल्याची खूण दिसेपर्यंत संगणक बंद करू नये. वनड्राइव्ह व ड्रॉपबॉक्स यांत मेळ चालू असता फिरते बाण दिसतात, व संगणकावर असलेल्या फाइलीचा मेळ पुरा झाला की हिरवी बरोबरची खूण येते. पुष्कळदा शाळा सुटली की आपण लॅपटॉप घाईने मिटतो आणि शेवटची दोन पाने त्यातच राहतात. वनड्राइव्हमध्ये नावाजवळ नुसता ढग दिसत असेल, तर त्या फाइलीचे नाव तेवढे येथे असून मजकूर दूरच आहे, असे समजावे. जेथे रेंज नाही तेथे जावयाचे असल्यास ती फाइल साधनावर कायम ठेवण्याची आज्ञा आधीच द्यावी.

३. रेंज नसेल तेथे मूळ फाइलीस हात लावू नये. हा नियम आपल्या खेड्यांसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. रानात, डोंगरवस्तीवर किंवा प्रवासात काही लिहावयाचे झाल्यास नवी कोरी फाइल उघडावी. तीस तारीख व ठिकाण यांचे नाव द्यावे आणि तीत लिहावे. नव्या फाइलीचा कोणाशी तंटा होत नाही. रेंज मिळाल्यावर ती आपोआप फोल्डरमध्ये पोहोचते, आणि मग सवडीने तिचा मजकूर मूळ लेखनात योग्य जागी घालता येतो. हे आम्ही त्या दिवशी पाळले असते, तर ती त्रेचाळीस नावे आज आपल्याजवळ असती.

४. जादा प्रत वाचल्याशिवाय पुसू नये. फोल्डरमध्ये अनोळखी किंवा लांबलचक नावाची प्रत दिसली, तर ती यंत्राने आपणांस दिलेली सूचना समजावी. दोन्ही प्रती शेजारी शेजारी उघडाव्या, अधिक-उणे पाहावे, जे राखावयाचे ते मूळ फाइलीत घ्यावे. त्यानंतरही ती प्रत लगेच न काढता 'पाहून झालेल्या' अशा नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावी. मजकुरास जागा किती थोडी लागते, हे आपण वर पाहिलेच आहे. मग पुसण्याची घाई कशासाठी?

५. मेळ म्हणजे राखण नव्हे. बहुतेकांची समजूत अशी असते की, फाइल क्लाउडवर आहे, तीन साधनांवर आहे, म्हणजे ती तीन ठिकाणी सुरक्षित आहे. ही समजूत चुकीची आहे. मेळ आपली शेवटची कृती इमानाने सर्वत्र पोहोचवितो, आणि चुकीची कृतीही तितक्याच इमानाने पोहोचवितो. एके ठिकाणी एक प्रकरण पुसले की ते तिन्ही ठिकाणांहून पुसले जाते. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीतील फाइल ३० दिवसांनंतर कायमची नाहीशी होते. जुनी आवृत्ती परत मिळविण्याची सोय या सेवांत आहे व ती प्रत्येकाने शिकून घ्यावी. परंतु तिलाही मर्यादा आहेत. यास्तव दर महिन्याच्या अखेरीस संपूर्ण फोल्डरची एक प्रत तारीख घालून पेनड्राइव्हवर घ्यावी आणि तो शाळेच्या कपाटात ठेवावा. वर्षातून एकदा कागदावर छापील प्रतही काढावी. कागदाला मेळ नसतो, म्हणूनच तो अशा वेळी उपयोगी पडतो.

आणखी काही सूचना

लेखन युनिकोड पद्धतीतच करावे. देवनागरीचे जुने टंक अजूनही कित्येक संगणकांवर आहेत. त्यांत लिहिलेला मजकूर ज्या साधनावर तो टंक नाही तेथे निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. फाइलींचा मेळ झाला, पण अक्षरे वाचता येईनात, तर त्या मेळाचा उपयोग काय? जुना मजकूर असल्यास तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून एकदा डोळ्यांखालून घालावा. रूपांतरात जोडाक्षरे व रफार यांत चुका राहतात.

मोठे लेखन एकाच फाइलीत न ठेवता प्रकरणवार ठेवावे आणि नावाच्या आरंभी क्रमांक घालावा : '०१ शाळेची स्थापना', '०२ पहिले शिक्षक', '०३ विहिरी व पाणवठे'. तारीख लिहिताना वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवल्यास फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. प्रकरणे वेगळी असली म्हणजे गुरुजी एकावर व बाई दुसऱ्यावर निर्धास्त काम करू शकतात. कादंबरीकार व संशोधक स्क्रिव्हनर नावाची लेखनप्रणाली वापरतात. तीत वरवर एक दिसणारे लेखन आतून अनेक लहान फाइलींचे असते. म्हणूनच एका यंत्रावरील काम बंद करून मेळ पुरा होऊ द्यावा आणि मगच ते दुसऱ्या यंत्रावर उघडावे, अशी सूचना तिच्या निर्मात्यांनीच देऊन ठेवली आहे. व्यवसायाने लिहिणाऱ्यांनाही दुसरा नियम पाळावाच लागतो, हे यावरून दिसेल.

विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, पालकांचे दूरध्वनी, आरोग्याच्या नोंदी असा मजकूर लेखनकार्याच्या सामायिक फोल्डरमध्ये कदापि ठेवू नये. सायबर कॅफेत किंवा दुसऱ्याच्या संगणकावर खाते उघडल्यास उठण्यापूर्वी ते बंद करावे. सांकेतिक शब्द शाळेच्या भिंतीवर किंवा हजेरीच्या मुखपृष्ठावर लिहू नये. आणि मोबाईलवर येणाऱ्या दुसऱ्या खातरजमेची सोय अवश्य चालू ठेवावी.

बदलीचा विचारही आधीच करावा. फोल्डर शिक्षकाच्या खासगी खात्यात असेल, तर बदलीबरोबर शाळेचा इतिहासही परगावी जातो. त्यातच, जे वैयक्तिक खाते सलग दोन वर्षे वापरले जात नाही ते त्यातील मजकुरासह काढून टाकण्याचे धोरण गुगलने २०२३ सालापासून ठेवले आहे. म्हणून असे लेखन शाळेच्या नावाने उघडलेल्या खात्यात ठेवावे, आणि कार्यभार सोपविताना कपाटाच्या किल्ल्यांबरोबर या खात्याचीही नोंद यादीत करावी.

वर्गात हा विषय कसा मांडावा

चौथी-पाचवीच्या मुलांस ही कल्पना कोणत्याही यंत्राविना समजाविता येते. एक फळा व दोन पाट्या एवढे साहित्य पुरे. फळ्यावर 'आमच्या गावाची विहीर' या विषयावर चार वाक्ये लिहावी. दोन मुलांस ती आपापल्या पाटीवर उतरवून वर्गाच्या दोन कोपऱ्यांत पाठवावे. प्रत्येकाने आपल्या पाटीवर एक वाक्य बदलावे व एक नवे घालावे. मग पहिल्याने येऊन फळा पुसून आपली पाटी फळ्यावर उतरवावी. दुसऱ्यानेही तसेच करावे. आता शिक्षकाने विचारावे, "पहिल्याचे वाक्य कोठे गेले?" मुले क्षणभर गोंधळतात, आणि लगेच उपायही सुचवितात. कोणी म्हणते, एकाने लिहून होईपर्यंत दुसऱ्याने थांबावे. कोणी म्हणते, फळा पुसण्यापूर्वी दोन्ही पाट्या वाचाव्या. कोणी म्हणते, नवे वाक्य वेगळ्या पाटीवर लिहून मागाहून जोडावे. आपले दुसरा, चौथा व तिसरा हे नियम मुलांच्या तोंडून असे आपसूक निघतात. जो नियम मुलाने स्वतः शोधला, तो त्याच्या हातून सहसा मोडत नाही.

समारोप

हेमा राईरकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या जमविल्या, आणि त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्या संगणकावर व्यवस्थित लावून ठेवल्या गेल्या, म्हणूनच आज पारी या संकेतस्थळावर त्यांतील कित्येक कोणासही वाचता व ऐकता येतात. जातीही गेली आणि ती ओढणारे हातही थकले. लेखन राहिले, कारण ते राखण्याची शिस्त कोणीतरी पाळली. आपल्या शाळांतून होणारे संग्रह आकाराने लहान असतील. पण ज्या गावाचे ते असतात त्या गावास दुसरा संग्रह नसतो.

त्या शाळेचे काम गुरुजींनी सोडले नाही. त्यांच्याबरोबर रानात हिंडलेल्या मुलास हरवलेल्या त्रेचाळीस नावांपैकी चौदा आठवली. ती त्याने सांगितली, आणि गुरुजींनी नव्या फाइलीत तारीख घालून लिहून घेतली. उरलेली एकोणतीस शेते गावात आहेत, पिकतही आहेत. त्यांना आता फक्त गट क्रमांक उरले आहेत. त्यानंतर मी कोणत्याही शाळेत गेलो आणि समोर दोन फाइली आल्या, तर खुर्ची ओढून घेऊन दोन्ही वाचतो. शिक्षक-बंधुभगिनींनीही एवढे करावे, अशी विनंती आहे.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेत सध्या चालू असलेल्या एका लेखनकार्याचे मूळ कोठे आहे, हे सर्व सहकाऱ्यांस ठाऊक आहे काय?

२. 'मेळ म्हणजे राखण नव्हे' हे विधान आपल्या अनुभवातील एका उदाहरणाने स्पष्ट करा.

३. आपल्या गावात रेंज नसलेली ठिकाणे कोणती? तेथे लिहिण्यासाठी आपण कोणती पद्धत ठरवाल?

४. आपल्या गावातील कोणती माहिती आज एखाद्या वृद्ध व्यक्तीच्या स्मरणातच आहे? ती लिहून घेण्याचे काम येत्या महिन्यात कोण, कसे व कोठे जतन करून करील?